शेजारणीच्या पाणथळातलं सूर्यफूल

त्या मुलीला आमच्या घरात आणलं ते मीच. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावानं बोटं मोडायची सोय नाही.

२०२० च्या जानेवारीत बाबा आमच्याकडे आयर्लंडमध्ये, एनिसला आले. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि नागपूरच्या घरात ते एकटेच राहत होते. म्हटलं, तीन महिने या, तेवढाच हवापालट. आल्या आल्या संक्रांत होती. आमच्या रांगेतल्या शेवटच्या घरात, म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून, पुण्याची एक मुलगी नुकतीच भाड्यानं राहायला आली होती. सॉफ्टवेअरवाली, एकटी, वय असेल सत्तावीस. मला आला पुळका. परक्या देशात एकटी पोर, तिळगूळ घ्यायला बोलवावं म्हटलं. बाबांनी तिला आपल्या नेहमीच्या वऱ्हाडीत विचारलं, "कुठची वं तू?" ती जी हसली ती तिथंच बसली, दोन तास. माझ्या वड्या संपवल्या आणि जाताना मला नाही, बाबांना म्हणाली, "काका, मी येत जाईन हं."

मग मार्च आला, विमानं बंद झाली आणि बाबांचे तीन महिने वाढत वाढत अठरा झाले. मी शॅननच्या ज्या कारखान्यात आहे तिथं ऑपरेशनला लागणाऱ्या बारीक नळ्या बनतात, तो काही बंद ठेवता येणार नव्हता. सकाळी सातला मी मास्क लावून गाडीत. नवरा वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून. बाबा खाली एकटे, असं आपलं मला वाटायचं आणि दिवसभर जीव तुटायचा. ते एकटे नव्हतेच. ती मुलगीही घरूनच काम करायची, आणि दुपारी तिची सुट्टी झाली की दोघं फिरायला निघायची, लॉकडाऊनच्या दोन किलोमीटरच्या हद्दीत. संध्याकाळी मी दमून घरी आले की बाबा सुरू करायचे, "ते पोरगी म्हनत होती का..." मी भाजी फोडणीला टाकत ऐकून घ्यायचे. फोडणी बऱ्याचदा करपायची.

एक सांगते. मी कॉलेजला पुण्यात आले तेव्हा तोंडून 'का'च्या जागी 'काऊन' गेलं म्हणून होस्टेलच्या मुली फिदीफिदी हसल्या होत्या. मी चार महिन्यांत जीभ घासूनपुसून लख्ख केली. आणि आता त्याच पुण्याची ही बया बाबांकडून 'काऊन' शिकत होती. "काका, 'करून राहिली' बरोबर म्हटलं ना मी?" बाबा खूश. मी टाकून दिलेलं उचलून ती अंगावर मिरवत होती, आणि तिला ते शोभतही होतं. मला नाही बघवायचं.

तिचे वडील ती कॉलेजात असतानाच गेले होते. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही जळायची ती जळतच होते, म्हणून आधीच सांगून टाकलं. नंतर कुणी म्हणायला नको.

बाबा कृषी खात्यात होते. माझ्या लहानपणी ते कायम दौऱ्यावर. जीप, धूळ, तालुके. लोकांना शिकवण्यात त्यांचा जन्म गेला आणि मला काही शिकवायला वेळच झाला नाही. एकदाच, मी आठ वर्षांची असताना, आईला ताप होता म्हणून मला जीपमध्ये घालून सूर्यफुलाच्या एका प्लॉटवर घेऊन गेले. तिथं जमलेल्या लोकांना ते ठणकावून सांगत होते, "सूर्यफुलाच्या पायाशी पानी साचू देऊ नका. पानी साचलं का पीक गेलं." ते काही मला सांगत नव्हते. पण मी उभी होते, मी ऐकलं. बाबांनी शिकवलेलं असं माझ्याकडे तेवढंच आहे.

ऑगस्टच्या शेवटी एकदा मी घरी आले तर बाबा दारातच उभे. म्हणाले, "पर्स ठेव आनि चाल. तुले गंमत दाखवतो." मला वाटलं, आज माझ्यासाठी काहीतरी आहे. गेलो कुठं, तर तिच्या परसात.

आमची रांग चढावर आहे, पण तिच्या घरामागं जमीन एकदम खाली उतरते. हिवाळ्यात तिथं गुडघाभर पाणी असतं, आणि उन्हाळ्यात असा चिखल की बूट आत राहतो आणि मोजा बाहेर येतो. त्या पाणथळ तुकड्यात बाबांच्या डोक्याच्या वर दोन हात अशी झाडं उभी होती, पन्नासेक दांडे. दांडे तांबूस, खरखरीत, आणि टोकाला तळहातापेक्षा लहान पिवळी फुलं, एकेका दांड्यावर दहा-बारा. सूर्यफूलच, पण आपल्या शेतातल्यासारखं मान टाकलेलं ताटाएवढं नाही. उनाड, झिपरं, कुणी न पेरलेलं. समोरच्या घरातले म्हातारेबुवा त्याला 'द यँक', म्हणजे अमेरिकावाला, म्हणायचे. तिच्या घरमालकाच्या बहिणीनं कधीकाळी अमेरिकेहून येताना पेटीतून त्याचं मूळ आणलं होतं म्हणे. "द यँक इज ग्रँड," असं ते दर वर्षी म्हणायचे आणि पुढं जायचे.

"चाळीस वर्षं सूर्यफूल पायलं मी," बाबा म्हणाले. "पेरलं, नव्वद दिवसांनी कापलं, झालं. हे बुवा दर साली मुळातून उठून येते. कोनी पेरत नाही, कोनी इचारत नाही." त्यांचा आवाज जरा वेगळाच येत होता. आई गेल्यापासून त्यांना कशात जीव लावून बोलताना मी पाहिलं नव्हतं.

मग त्या मुलीनं फोनवर वाचून दाखवायला सुरुवात केली. या फुलाचं मूळ गाव अमेरिकेच्या पूर्वेकडं. ओली कुरणं, ओढ्याचे काठ, दलदलीच्या कडा, रस्त्याकडेच्या पाणी धरणाऱ्या चऱ्या. ऊन हवं, पण पाय ओले हवेत. बाबा शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते आणि मध्येच विचारत होते, "मंग? थंडीत काय करते ते?" ती सांगत होती, वरचं सगळं वाळून जातं, खाली मूळ जिवंत राहतं. मी अर्ध्यातच म्हटलं, "स्वयंपाक राहिलाय," आणि निघून आले. कुणी थांब म्हटलं नाही.

त्या दिवसापासून बाबांचा दिवस तिकडेच. दर सोमवारी दोघं टेप घेऊन उंची मोजायची. बाबांनी एक वही केली. ती स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, साखरेच्या डब्याशेजारी असायची, आणि मी ती चोरून वाचायचे. तारीख, पाऊस, उंची, फुलं किती. "आज मधमाश्या पुष्कळ." "गोल्डफिंच नावाचा पक्षी बी खायला आला, पोरीनं ओळखला." पोरीनं. मी पानं उलटून उलटून पाहिली. मला प्रमोशन मिळालं त्या तारखेला लिहिलं होतं, "पाऊस नाही."

ऑक्टोबरात बाबा त्या झाडांची गड्डी फोडून थोडी खालच्या अंगाला लावणार होते. मी जेवताना शक्य तितक्या सहज म्हटलं, "एक तुकडा मलाही द्या, आपल्या परसात लावू." बाबांनी भाकरीवरून मान वर केली नाही. "तुह्या इथं नाही येनार ते."

झालं. पुढं ते बहुतेक जमिनीबद्दल काही म्हणाले, पण मी ऐकायला जाग्यावर नव्हते. मला ऐकू आलं ते एवढंच, की तुझ्या हातून होणार नाही. तिच्या हातून होतं, तुझ्या नाही. मी उठले आणि ताट इतक्या जोरात सिंकमध्ये ठेवलं की वरून नवऱ्यानं विचारलं, काय पडलं.

मनी प्लांट मागून आणला तर लागत नाही, चोरूनच आणावा लागतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी तोच नियम लावला. पुढच्या गुरुवारी रजा काढली. दुपारी ती दोघं फिरायला गेली तशी मी कुंपणाच्या फटीतून खाली उतरले, फावडं घातलं आणि आल्याच्या मोठ्या गड्ड्याएवढा तुकडा उपटून आणला. चिखलात एक बूट अडकला तो दोन्ही हातांनी ओढावा लागला. वय वर्षं त्रेचाळीस, कारखान्यात गुणवत्ता विभागाची मॅनेजर, आणि शेजारणीच्या परसातून मुळं चोरतेय. लाज वाटली का? अजिबात नाही. गुदगुल्या झाल्या.

आणि मग मी बाबांची लेक शोभेन असं काम केलं. घराच्या भिंतीलगत, छपराच्या वळचणीखाली, जिथं दिवसभर ऊन आणि पाऊस मात्र क्वचित पोचतो, तिथं लाकडी फळ्यांचा उंच वाफा केला. तळाला वीतभर खडी, वर वाळू, वर विकतचं खत. पाण्याचा थेंब थांबणार नाही असा निचरा. पायाशी पाणी साचलं का पीक गेलं. ती दोघं चिखलात खेळू देत बापडी. बाबांचं खरं शास्त्र मला येत होतं, बाबा स्वतः विसरले असले तरी.

हिवाळ्यात तिच्या परसाचं तळं झालं. बदकं पोहायला लागली. मी रोज खिडकीतून पाहायचे आणि मनात म्हणायचे, कुजली आता मुळं. बाबांना सहानुभूतीनं विचारलंही, "गेलं का हो ते सगळं?" ते म्हणाले, "त्याले काय होते? घरीच तं हाय ते." मला वाटलं, म्हातारपण.

एप्रिलमध्ये तिचं पाणी ओसरलं आणि चिखलातून जाड जाड कोंब उठले, मोजता येणार नाहीत इतके. माझ्या वाफ्यात तीन आले. तीन तर तीन. एका रविवारी बाबा वाफ्यासमोर उभे राहिले, पान चोळून पाहिलं, वाकून माती बोटांत घेतली. मी खिडकीआडून बघत होते. आत येऊन त्यांनी विचारलं, "काय लावलं वं?"

"सूर्यफूल."

"कुठून आनलं?"

"ऑनलाइन मागवलं," मी म्हटलं. बाबांनी मान हलवली आणि चहा टाक म्हणाले.

आणि काय सांगू, ते तीन कोंब वाढले की. मे महिन्यात माझ्या कमरेला आले, जूनअखेर डोक्याला. संध्याकाळी माती चाचपली तर गार, ओलसर. आयर्लंडमध्ये माती ओली लागली याचं कोण आश्चर्य करतो? कारखान्यात मी लोकांच्या नोंदींतली अर्ध्या मिलिमीटरची चूक पकडते. स्वतःच्या वाफ्याला एकदाही विचारलं नाही की बाई, वळचणीखाली पाऊस येतो कुठून. मला विचारायचंच नव्हतं. मला फक्त जिंकायचं होतं.

जेवताना टोमणे मारायचे. "आमच्याही हाताला येतं हो काहीतरी." बाबा म्हणायचे, "हो तं." बस, तेवढंच. तिच्या झाडांबद्दल अर्धा तास बोलायचे आणि माझ्या वाट्याला 'हो तं'. मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. जायच्या आधी एकदा, त्या मुलीसमोर, नाहीतर समोरच्या म्हाताऱ्यासमोर, नाहीतर कुत्र्यासमोर का होईना, त्यांनी म्हणावं की हे माझ्या मुलीनं लावलंय. मी त्यासाठी काय काय केलं. त्यांना मुद्दाम खुर्ची टाकून वाफ्याजवळ बसवलं, चहा तिथंच दिला. त्यांनी चहा पिऊन कप आत आणून ठेवला.

जुलैच्या मध्यावर एकदाची विमानाची सोय झाली. निघायच्या दिवशी ती मुलगी आली, बाबांच्या पाया पडली आणि रडायला लागली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. मलाही रडू येत होतं, पण ती रडत होती म्हणून मी रडले नाही. गाडीत बसताना बाबांनी माझ्या वाफ्याकडं पाहिलं. कळ्या धरल्या होत्या. "पान्यावर ध्यान ठेव," ते म्हणाले.

"माहितीये मला. साचू द्यायचं नाही," मी म्हटलं.

ते काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात नवरा म्हणाला, ट्रॅफिक लागेल, निघू या. आम्ही निघालो. डब्लिनपर्यंत बाबा खिडकीबाहेर बघत होते आणि मी वाट बघत होते. 

त्या आठवड्यात आयर्लंडला कधी नव्हे ते कडक ऊन पडलं. तिसऱ्या दिवशी पानं लोंबली. मी म्हटलं, पाणी जास्त झालंय, निचरा वाढवला पाहिजे, आणि मुळाशी आणखी वाळू घातली. पाचव्या दिवशी खालची पानं कुरकुरीत झाली. आठव्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घरी आले तर माझ्या परसात ती मुलगी उभी. दोन्ही हातांत बादल्या, वाफ्यात पाणी ओतत होती.

माझं डोकंच फिरलं. "काय करतेयस तू?"

ती दचकली. "सॉरी ताई, सॉरी. मी आठवडाभर तिकडं नास गावात मैत्रिणीकडं अडकले. काकांनी बजावून सांगितलं होतं, रोज दोन बादल्या. खूप सुकलं ना गं?"

"कसल्या दोन बादल्या?"

 मग तिच्या लक्षात आलं की मला काहीच माहीत नाही, आणि तिचा चेहरा उतरला. बादली खाली ठेवून तिनं सगळं सांगितलं. एप्रिलपासून रोज सकाळी माझी गाडी कोपऱ्यावरून वळली की बाबा दोन बादल्या भरून आणून त्या वाफ्यात ओतायचे. शनिवारी-रविवारी मी उठायच्या आत. गुडघे दुखायचे, तरी.

"आणि हे झाड..." मी म्हटलं.

"आमच्याकडचंच ना? काकांना त्याच दिवशी कळलं होतं. खड्डा बघितला आणि म्हणाले, कोनी नेलं मले माहीत हाय, तू बोलू नको." तिनं दुसरी बादलीही खाली ठेवली. "मी म्हटलं होतं, काका, मी टाकत जाते पाणी, तुम्ही नका उचलू. तर ऐकेनात. म्हणाले, नाही, ते माह्या पोरीचं हाय, त्याले मीच पानी देईन."

मी आत जाऊन नागपूरला फोन लावला. तिकडं संध्याकाळ झाली होती. "मला का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच.

बाबा शांत होते. "तुले सांगतलं असतं तं तू उपटून फेकलं असतं. मी काय तुले वयखत नाही?" खोटं कशाला सांगू, मी खरंच उपटून फेकलं असतं. मग म्हणाले, "ते वाफ्यातलं नोहे माय. शेतातलं सूर्यफूल येगळं, त्याचे पाय कोरडे पायजे. याले चिखल पायजे. काढ आनि खाली नेऊन लाव त्याच्या जागी. मूळ जिवंत असन अजून."

आणखी काही विचारायचं होतं, पण ते फोनवर कसं विचारतात मला माहीत नाही. मी ठेवला.

संध्याकाळी आम्ही दोघींनी तो गड्डा काढला. खडी आणि वाळू मुळात घट्ट बसली होती, ती तिनं बसून बोटांनी एकेक काढली. मग कुंपणाच्या फटीतून खाली गेलो. उन्हाळ्यातही तिथं चिखल होता. बाकीची झाडं डोक्याच्या वर, हिरवीगार, कळ्यांनी भरलेली. मी घोट्यापर्यंत रुतून उभी होते आणि ती माझ्या झाडाच्या बुडाशी चिखल दाबत होती.

"काय म्हणाले होते बाबा?" मी विचारलं. "ते पाण्याचं. परत सांग."

"ते माह्या पोरीचं हाय, त्याले मीच पानी देईन."

"परत."

तिनं परत सांगितलं, न हसता, न कंटाळता. आणि खरं सांगायचं तर ते ऐकतानाही माझ्या मनात हेच होतं, की हे वाक्य आधी हिच्या कानावर पडायलाच नको होतं.